सातव्या दगडाचे फटके

कासापाता, ३ ऑगस्ट

मेल्चोरे,

तर सगळ्यात आधी टपकला तो विल्बेर मास्तर. गाडी यायला अजून दीड तास होता आणि हा पठ्ठ्या चौकात टाय बांधून उभा. टायवर अंड्याचा डाग, तोही आजचा नव्हे, चांगला मुरलेला, पापुद्रे सुटलेला. वारा असा की शेण पडल्या जागी गोठतंय, याच्या नाकाला धार लागलेली, ती बाहीला पुसायची आणि पुन्हा ताठ व्हायचं. शी! त्याच्यामागून आमचा गावचा अध्यक्ष इलारियोन, मग माझा धाकटा आबिलियो (तू शेवटचा पाहिलास तेव्हा माझ्या पाठीला बांधलेला होता), मग बाजावाले तिघे, त्यातला ढोलवाला सकाळीच झिंगलेला. मी आपली चाती घेऊन भिंतीशी बसले होते. लोकर कातत बसलं की सगळं दिसतं आणि कुणी काम सांगत नाही.

आता तू म्हणशील, एकतीस वर्षांनी सख्ख्या बहिणीचं पत्र येतं आणि सुरुवात मास्तरच्या नाकापासून. अगं, मग कुठून करू? गोड गोड लिहायला माझा हात वळत नाही. अक्षर बघतेच आहेस, भाजलेले मके सांडल्यासारखं. म्हाताऱ्यांच्या वर्गात दोन हिवाळे गेले, तेवढंच शिक्षण. पण आता लिहिता येतं ना, मग मी लिहिणार! हा कागद मीठवाली सालोमे आणून देईल. तिला आत बोलाव, चार तास घाट चढून येते बिचारी.

गाडीतून दोघं उतरले. एक इंजिनियरबाई, पांढऱ्या बुटांची, आणि एक नकाशावाला, लांबच लांब, मानेला यंत्र लटकवलेला. जमिनीच्या कचेरीतून आलेत. आपल्या गावाचा इतिहास आणि भूगोल लिहून नेणार, सोबत नकाशा, वर शिक्का. नकाशात रेघ पडेल तिथे गावाची हद्द, मग नातवंडांची नातवंडं भांडली तरी हलायची नाही. म्हणून तर एवढा टाय.

भूगोल आधी झाला. नकाशावाल्याने शाळेच्या पायरीवर यंत्र ठेवलं, डोळे बारीक केले, म्हणाला, "चार हजार एकशे शहाऐंशी मीटर."

शाळेच्या भिंतीवर मास्तरने हातभर अक्षरांत रंगवलंय, "कासापाता, ४३०० मीटर, आभाळाचा उंबरठा." सगळी माना वर करून भिंतीकडे बघतायत.

"थंडीनं आकसलं असेल तुमचं यंत्र," मास्तर म्हणाला.

"यंत्र आकसत नाही, गुरुजी."

"मग पलीकडचं अंतायाकू किती भरलं?" इलारियोनला काय अवदसा आठवली कोण जाणे.

"चार हजार दोनशे तीन."

मेल्चोरे, तुझं गाव आमच्याहून उंच! ढोलवाला चक्क रडायला लागला. इलारियोन म्हणतो, "पुन्हा मोजा. घंटेच्या मनोऱ्यावर चढून मोजा." आणि तो लांबोटा खरंच चढला गं. मनोऱ्यात कबुतरांचं वीस वर्षांचं साचलेलं, ढोपरापर्यंत माखून खाली आला. तरी चार मीटर कमीच.

जेवण माझ्याकडे टाकलं होतं. मी तोकोशची खीर केली. आपल्या पद्धतीने, ओढ्याच्या कडेला खड्ड्यात गवताखाली सहा महिने कुजवलेले बटाटे, चांगले मऊ, निळसर. झाकण काढलं आणि इंजिनियरबाईचा चेहरा बघायला हवा होतास. "हे... खराब झालंय का, आजी?" मी म्हटलं, "खराब व्हायला सहा महिने लागतात बाई, असं सहज होत नाही." ती पळाली ती थेट कोंबड्यांच्या मागे, आणि तिथे पोट रिकामं केलं. कोंबड्या खूश. पण किळस मलाच जास्त आली हो, कारण परत येऊन तिने माझा चमचा कसल्याशा ओल्या कागदाने पुसला आणि त्या कागदाला फुलांचा वास! कुजलेला बटाटा मला चालतो, कुजलेलं फूल नाही चालत. लांबोट्याने मात्र दोन वाडगे खाल्ले. त्याची आजी म्हणे आपल्याच बाजूची.

मग इतिहास. शाळेत सगळं गाव कोंबलं. मास्तरने वाचून दाखवलं की इंका राजाची राणी पालखीतून इथे यायची आणि यानान्यावीच्या झऱ्यात न्हायची, आणि एकदा तिची सोन्याची फणी तिथे पडली. त्या झऱ्यात! जिथे बोट घातलं तर बोट आपलं आहे की नाही कळत नाही! मागे म्हाताऱ्या खिदळायला लागल्या. इलारियोन उठून म्हणाला, राणी तर होतीच, शिवाय मोठमोठ्या सेनापतींचे घोडे इथे पाणी प्यायले. आपण कोण, तर राणीच्या पालखीचे मानकरी. मला वीट आला. आई काय सांगायची ते तुला माहीत आहे. खाणीतून पळालेली चार घरं, अंगावर चाबकाचे वळ, जिथे शिपाई थंडीने चढायचे नाहीत तिथे येऊन लपली. तो आपला इतिहास. पालखी नाही नि काही नाही.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" बाईने विचारलं.

लोक घोंगड्या झटकून उठायलाच लागले.

मलाही एकदोन गोष्टी विचारल्या त्यांनी. सांगितल्या. म्हातारीला काय कळतंय. आता पुरे, पेन्सिल बोटाएवढी उरली.

तेओदोसिया


कासापाता, १९ ऑगस्ट

मेल्चोरे,

उत्तर नाही. नको देऊस. सालोमेने सांगितलं मला सगळं: कागद उभ्यानेच वाचलास, घडी करून पोलक्यात खुपसलास, तिला सूप दिलंस आणि माझं नाव काढलं नाहीस. पोलक्यात खुपसलास ना, मग झालं.

इथे नुसता उकिरडा झालाय. इलारियोनने मासे आणलेत. ट्राउट नावाचा मासा, ठिपक्या-ठिपक्यांचा, बुळबुळीत. चर्चच्या मागे नमुना म्हणून एक डबकं खणलं, खणायला आमचा आबिलियोच पुढे, आणि त्यात तीनशे पिल्लं सोडली. मासा पाण्यातच हगतो आणि तेच पाणी पितो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आठव्या दिवशी अर्धे उलटे तरंगत होते, पांढरी पोटं वर करून. वास असा की पाद्री प्रार्थना आटोपती घेऊन घोड्यावर बसला. आबिलियोने एक जिवंत मासा मला कौतुकाने आणून दिला. "आई, खा, शहरात याला मान आहे." मी भाजला, एक घास घेतला. चिखलाची चव, आणि डोळा माझ्याकडेच. थू.

पण या डबक्यात पाणी खेळतं नाही, म्हणून मासे मेले, असं इलारियोनचं म्हणणं. खेळतं पाणी हवं, थंड, बारमाही. म्हणजे यानान्यावी. सगळा झरा पाइपात घालून वीस डबकी करायची, असा बेत आहे. त्यासाठी झरा आमचा हवा, शिक्क्यानिशी. आता कळलं ना तुला, इतिहास-भूगोलाची एवढी घाई का सुटलीय ते?

आणि झऱ्यापाशी तर हद्दीचा दगडच नाही. बारापैकी अकरा आहेत, सातवा तेवढा नाही. आता इलारियोनने काय केलं ऐक, हसून हसून माझं पोट दुखलं आणि मळमळलंही. त्याने खालच्या ओढ्यातून एक उभा दगड काढला, दोन गाढवांवर घालून वर नेला, झऱ्याच्या पार पलीकडे, तुमच्या बाजूला रोवला. एक अंग शेवाळलेलं, बाकी नवा कोरा दिसत होता. मग त्याला जुना करायला नासलेलं दूध, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा गाळ आणि माशांच्या डबक्यातलं पाणी कालवून फासलं. म्हणे शेवाळ धरतं. चार दिवसांनी इंजिनियरबाई फोटो काढायला वर गेली तर गावातली झाडून सगळी कुत्री त्या दगडाभोवती, चाटतायत! एक हाकललं की दुसरं. बाई नाकाला रुमाल लावून विचारते, "हा दगड किती जुना आहे?"

"इंकांच्या काळचा," मास्तर म्हणाला.

"आणि कुत्री?"

मास्तर टायवरचा डाग खरवडायला लागला. शिवाय त्या दगडाचं शेवाळ आहे ते उन्हाच्या अंगाला आहे. जन्मभर लामांचे कळप राखलेल्या कुठल्याही बाईला विचार, उन्हाच्या अंगाला शेवाळ धरतं का? गाढवांवरून उतरवताना उलटा रोवला मेल्यांनी.

तेव्हा बाई म्हणाली की दगडावर माझा भरवसा नाही. फटके खाल्लेलं माणूस कुणी जिवंत आहे का?

लांबोट्याच्या आजीच्या गावातही म्हणे तीच रीत होती, त्यानेच तिला सांगितली. आपली कार्निवलची हद्दफेरी आठवते ना? म्हातारा फाउस्तो लामाच्या कातड्याचा आसूड घेऊन पुढे, मागे पोरं. दगड आला की पोरांना ओळीने वाकवायचं, तीन फटके, मग मूठभर भाजलेले मके. "कुठे बसले फटके, म्हातारपणी सांगता येईल ना?" असं ओरडून विचारायचा. बारा दगड, छत्तीस फटके. पोरी नेत नसत. पण बाबांना मुलगा नव्हता आणि त्यांना ती लाज सहन होत नव्हती, म्हणून आपल्या दोघींना पुढे ढकललं. मी नऊची, तू सातची. बाकीचे पाच पोरगे होते त्या वर्षी. दोघांना खाणीने खाल्लं, दोघं दारूने गेले, एक समुद्राकडे गेला तो गेलाच. उरलो आपण दोघी.

सगळ्या गावाने माझ्याकडे बोट दाखवलं. तू लग्न करून पलीकडची झालीस, तुझं कोण ऐकणार? माझा मात्र शब्द चालतो. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता गं! बाकावर घोंगडी अंथरून बसवलं, चघळायला कोकाची पानं पुढ्यात ठेवली.

मी सांगितलं त्यांना. कागदावर उतरवून घेतलंय. आता त्याची साफ प्रत करून आणतील आणि माझी सही घेतील, अंगठा नव्हे, सही.

आमच्याकडे बर्फाची खडी पडली, दोन पिल्लं गारठून मेली. तुझ्याकडे कुरणाला पाणी आहे ना अजून?

तेओदोसिया


कासापाता, २ सप्टेंबर

मेल्चोरे,

सालोमेने मिठाच्या पिशवीतून तुझी चिठ्ठी काढून दिली. मला वाटलं होतं, निदान पानभर शिव्या असतील. घसा साफ करून वाचायला बसले. तर एवढंच:

"तुला कुठे मारलं?"

ना नाव, ना गाव. सात वर्षांची होतीस तशीच आहेस, एक शब्द जास्त नाही.

तीन दिवस मी ती चिठ्ठी सैपाकघरात गिनीपिगांच्या कोनाड्यात लपवून ठेवली. त्यांनी एक कोपरा कुरतडला, पण प्रश्न तसाच राहिला. तर घे.

मी खोटं सांगितलं. झऱ्याच्या वर, तुमच्या अंगाला, जिथे तो घाणेरडा दगड रोवलाय तिथे मला मारलं, असं सांगितलं. बाईने विचारलं, "नक्की ना, आजी?" मी म्हटलं, "पाठीला विचारा." सगळे हसले. मीसुद्धा हसले. स्वतःच्याच तोंडाची एवढी घाण मला कधी आली नव्हती. घरी येऊन कोकाची पानं तोंडात धरली, राखेने दात घासले, काही उपयोग नाही.

का सांगितलं म्हणशील. आबिलियो आदल्या दिवशी येऊन बसला. "आई, मासे लागले तर मी गाव सोडणार नाही. नाही लागले तर बायकोपोरांना घेऊन समुद्राकडे जाणार. तिथे तिच्या भावाने जागा बघितलीय." पोरगा तसा वाईट नाही. पण मान खाली घालून बोलत होता, माझ्याकडे बघत नव्हता. मग इलारियोन आला, तो मात्र डोळ्यांत बघून बोलला: "मावशी, तुमच्या अल्पाका गावच्या कुरणावर चरतात. गावच्या." एवढं बोलून तोकोश मागून खाल्ला, दोनदा, बोटं चाटत.

खरं काय ते तुला माहीत आहे. मारलं ते झऱ्याच्या खाली, आपल्या अंगाला. नेमकं कुठे ते मी इथे लिहीत नाही, कागद कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. आणि मारून झाल्यावर आपल्याला तहान लागली. तू पळत सुटलीस पाण्याकडे, फाउस्तोने तुला वेणीला धरून मागे ओढलं. "आधी विचार!" मग आपण सातही पोरं रांगेत उभी राहिलो, तुमच्या गावाकडे तोंड करून, आणि ओरडलो, "पाण्याच्या धन्यांनो, प्यायला परवानगी द्या!" पलीकडे कुणी नव्हतं, नुसता वारा. फाउस्तो जरा थांबला, जसं कुणी उत्तर दिलं, आणि म्हणाला, "दिली. प्या." तेव्हा प्यायलो.

आई म्हणायची, पळालेल्या त्या चार घरांना पहिल्या रात्री पाणी तुमच्या लोकांनी पाजलं. ओंजळीने. शिपायांना सांगितलं नाही. म्हणून विचारून प्यायची रीत. इथे आता कुणाला ती आठवत नाही, किंवा आठवते आणि लाज वाटते. राणीच्या फणीची लाज वाटत नाही, याची वाटते!

आता इतकं लिहिलं तर आणखी एक. सातवा दगड नाहीसा झाला तो पुराने नव्हे. एकतीस वर्षांपूर्वी आपल्या दोन गावांत गोफणी चालल्या, त्याच्या दुसऱ्या पहाटे माझ्या नवऱ्याने तो पहारीने उचकटला आणि दरीत लोटला. मी अंथरुणात जागी होते, तो परत आला, त्याचे हात गार आणि मातीचे. मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. आठ वर्षं झाली त्याला जाऊन. आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही.

त्याच आठवड्यात आई गेली. तू घाट चढून आलीस, गारांत, ओली चिंब, हातात मेणबत्त्या. मी दार उघडलं नाही. आत मीच होते. कडीला हात लावून उभी होते. तू दोनदा "तेओ" म्हणालीस, मग मेणबत्त्या उंबऱ्यावर ठेवून गेलीस. त्या मी आईपाशी लावल्या नाहीत. फडताळात टाकल्या, पुढे उंदरांनी खाल्ल्या. उंदरांच्या लेंड्यांत मेणाचे पांढरे ठिपके दिसायचे. मी रोज झाडायचे आणि रोज बघायचे.

मी दार उघडलं नाही, कारण नवरा म्हणाला होता, "ती पलीकडची आहे." मी मुकाट्याने ऐकलं. परवा इलारियोनचं ऐकलं, तेही तसंच मुकाट्याने. जन्मभर मला इतरांच्या नाकातोंडाची किळस येत आली. आता कुणाची येते ते तुला सांगायला नको.

साफ प्रत येईल त्या दिवशी सही करायची आहे. बघू.

तेओदोसिया


कासापाता, १३ सप्टेंबर

मेल्चोरे,

झालं! ऐक, सगळं क्रमाने सांगते, मध्ये भरकटले तर सोडून दे.

परवा आले ते दोघं. या वेळी बाजा नाही, ढोलवाल्याने ढोल विकला. शाळेत टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर, चादरीवर उंदराचा पिवळा डाग, तो झाकायला मधोमध फुलदाणी. इलारियोनने माझा दंड धरून मला खुर्चीत बसवलं. "इथे, मावशी. फक्त नाव."

मी म्हटलं, "वाचल्याशिवाय नाही."

"अहो, मास्तर वाचून दाखवतो ना."

"मास्तरने कशाला? दोन हिवाळे मी काय गवत कापत होते?"

लोक हसले. मी बोट ठेवून वाचायला लागले, एकेक अक्षर. इलारियोन कढत होता. राणी आली, फणी आली, घोडे आले. माझे फटके आले, झऱ्याच्या वर. तिथवर मी गिळलं. मग खाली एक ओळ आली जी मी सांगितलीच नव्हती: "अंतायाकूच्या लोकांचा या पाण्याशी कधीही काही संबंध नव्हता." कधीही. मी ते दोनदा वाचलं, मला वाटलं अक्षर चुकतंय. चुकत नव्हतं. ज्यांनी ओंजळीने पाजलं त्यांचा कधीही काही संबंध नव्हता! मला वाटलं मी आता त्या पांढऱ्या चादरीवरच ओकणार.

मी पेन ठेवलं. "हे खोटं आहे."

"कोणतं?" बाईने विचारलं.

"ही ओळही. आणि वर मी सांगितलं तेही. मला तिथे मारलं नाही. मी खोटं बोलले."

मग जो गोंधळ उडाला! इलारियोन ओरडला, "म्हातारीचं डोकं फिरलं!" एक जण मागून, "बहिणीचा पुळका आलाय, एकतीस वर्षांनी!" कुणीतरी म्हणालं, "पलीकडून काय मिळालं, विचारा." मी म्हटलं, "मिठाच्या पिशवीतून एक चिठ्ठी मिळाली, तीन शब्दांची. तुला देऊ?" मास्तर तेवढ्यातही म्हणतो, "पण आजी, राणीचं तरी राहू दे." आबिलियो उठला आणि बाहेर गेला. माझ्याकडे बघून गेला, एवढंच बरं. मागच्या वेळी बघत नव्हता.

त्याच्या बायकोने तेव्हापासून माझ्याकडे पाऊल टाकलेलं नाही. तो सासऱ्याकडे जेवतो. विहिरीवर बायका मला बघून घागरी उचलतात. माझ्या अल्पाका कुरणावरून काल कुणीतरी हाकलल्या, एक लंगडत आली. सांगून ठेवते, म्हणजे तुला वाटायला नको की मी फार मोठं काही केलं आणि सुखात आहे. सुखात नाही. पण तोंडाची चव परत आलीय. काल तोकोश खाल्ला आणि तो तोकोशासारखाच लागला, म्हणजे किती बरं वाटलं असेल बघ!

आता कामाचं. बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, तुमचे दोन जबाब झाले. एक खोटा हे तुम्हीच म्हणता. मी दुसऱ्यावर विश्वास कसा ठेवू?" बरोबर आहे तिचं. मला राग नाही आला. मी म्हटलं, "आणखी एक पाठ आहे, घाटापलीकडे."

"पण तुमची बहीण तर अंतायाकूची. झरा त्यांना मिळाला तर तिचाच फायदा."

तेव्हा तो लांबोटा मध्ये पडला. इतके दिवस यंत्राच्या आकड्यांखेरीज त्याचा आवाज ऐकला नव्हता. म्हणाला, "दोघींना वेगवेगळं नेऊ. एकीला सकाळी, एकीला दुपारी. बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं, जिथे फटके बसले तिथे. मी दोन्ही जागा यंत्रात टिपतो. झऱ्याचा तो उतार शंभर पावलांचा आहे, सगळा सारखा खडकाळ, खूण नाही, काही नाही. पासष्ट वर्षांनी दोन म्हाताऱ्या एकमेकींना न बघता एकाच हातभर जागेत उभ्या राहिल्या, तर ते कुणी शिकवलेलं नसणार."

बाईने नकाशा उलगडून तो उतार बघितला. मग म्हणाली, "आणि जागा जुळली नाही, तर आहे ती प्रत जाईल. पहिल्या जबाबानिशी." इलारियोनने लगेच हो म्हटलं. त्याला वाटतंय तू येणारच नाहीस. त्याला वाटतंय, आली तरी म्हातारीला काय आठवणार.

तुला आठवतं ना, मेल्चोरे? मला सांगू नकोस. चिठ्ठी पाठवू नकोस, सालोमेजवळ निरोपही नको. मीही या बोलावण्यानंतर लिहिणार नाही. बाईने वचन घेतलंय, त्या दिवसापर्यंत आपण एकमेकींशी बोलायचं नाही. मी म्हटलं, ते काही जड नाही आम्हाला, सवय आहे.

तुझी मर्जी असेल तर ये. माझ्यासाठी ये असं मी म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. तुमच्या कुरणासाठी ये, पाण्यासाठी ये. आमच्या लोकांची तोंडं बघून शिसारी येईल, तर बघू नकोस, सरळ झऱ्यावर जा. माझी पाळी सकाळची, तुझी दुपारची. मी उभी राहून निघून जाईन, पाऊलखूण ठेवणार नाही. माझी पाठ अजून जागा सांगते, थंडीत तर फारच स्पष्ट. तुझीही सांगत असेल.

गुरुवारी, २४ सप्टेंबरला, पहिल्या गाडीने येतो असं ते दोघं कबूल करून गेलेत.